दोराच्या शेवटाचा माणूस

प्रिय सोमेश्वर,

काल फोनवर तू बोलत होतास तेव्हा मी नुसतं हं, हं करत राहिलो. तुला वाटलं असेल, दादाने ऐकलं. ऐकलं, पण मानलं नाही. बोललो नाही, कारण राधेश्याम शेजारीच ओसरीवर दोर तपासत बसला होता, आणि बाप आपल्याबद्दल काय बोलला ते पोराला माझ्या उत्तरातून कळावं असं मला वाटेना. म्हणून हे पत्र. भिवा उद्या बियाणं आणायला नव्या जालन्यात येतोय, त्याच्या हाती देतो. ऑफिसात वाचू नकोस. घरी वाच आणि मीनालाही अर्धं वाचून दाखव. अर्धं म्हणजे कुठवर, ते तुझं तुला कळेल.

तुझं म्हणणं असं, की कंपनीत पोराची जागा पक्की झाली आहे, सोमवारी हजर व्हायचंय, तेव्हा शनिवारी त्याला धाडून दे; आणि त्या रिकामटेकड्यांच्या टोळक्यातून त्याला आधी बाहेर काढ. नोकरीला माझी ना नाही. सोमवारी सकाळी तो तुझ्या दारात असेल. पण शनिवारी मी त्याला पाठवणार नाही, आणि आड उपसणाऱ्या मंडळातून काढणार तर मुळीच नाही. रविवारी त्याला काम आहे.

दिवाळीनंतर तू त्याला इथे आणून सोडलंस तेव्हाचं आठवतं ना? दोन वर्षं पोलीस भरतीचा अभ्यास, दोन वेळा नापास, आणि मग खोलीचं दार लावून पडून राहणं. पहिला महिना तो माझ्याशीही धड बोलला नाही. तुझी वहिनी ताट नेऊन ठेवायची, अर्धं परत यायचं. मी सकाळी मारुतीपुढे दिवा लावून आलो की त्याच्या दाराशी थोडा वेळ थांबायचो. आतून मोबाइलचा आवाज आला की बरं वाटायचं, इथवर माझी गत झाली होती. मग एके दिवशी पंक्चरच्या दुकानाचा पप्पू दारात आला. सध्या मंडळाचा कारभार तोच पाहतो. म्हणाला, "काका, ते तुमचं लांबट पोरगं द्या की. दोराला वजन कमी पडून राह्यलंय." मी म्हटलं, तो काही कामाचा नाही रे सध्या. तर म्हणतो, "कामाचा कोन मागून राह्यलाय? वजनाचा पाहिजे. ब्याऐंशी किलो तर आरामात असंन."

सोमेश्वर, तुझ्या मुलाला दोन वर्षांत कोणी कशासाठी मागितलं नव्हतं. वजनासाठी का होईना, मागितलं. अभ्यासिकेत बसून त्याने तेवढंच तर कमावलं होतं. तो गेला. नाव पडलं वजनकाटा. आठ दिवसांनी सकाळी दोरावर पोचायला उशीर झाला, तर नियमाप्रमाणे सगळ्यांच्या चपला धुवायची पाळी आली. मी हापशावर गेलो तर हा बावीस चपला ओळीने मांडून घासत होता, आणि पप्पू त्याला सांगत होता, "अंगठ्याकडून घास, वजनकाट्या. भरतीत हेच इचारतेत." आणि हा हसत होता. भरतीच्या नावावर हसत होता. हे मीनाला जरूर वाचून दाखव, पोराच्या आईला कळू दे.

तू म्हणालास, असल्या मंडळातून पोरांना मिळतं काय? प्रमाणपत्र मिळतं का? आता आड-विहिरींचा गाळ काढायला क्रेन आली, जेसीबी आलं, तरी ही पोरं कशाला दोराला लोंबकळतात? क्रेन आम्हीही लावतो, शेतातल्या मोठ्या विहिरींना. पण गावातल्या बोळात क्रेन शिरत नाही, आणि नळाला आठ-आठ दिवस पाणी नसलं की अर्धं गाव त्याच जुन्या दगडी आडांवर जगतं. मिरगाच्या आधी ते उपसले नाहीत तर श्रावणात गढूळ प्यायचं. हे झालं गावाचं. पोरांचं विचारशील, तर मला भाषणासारखं सांगता येणार नाही. आता हा पप्पूच घे. बारावीनंतर तो संध्याकाळ झाली की धाब्यावर असायचा. त्याला कोणी उपदेश केला नाही. फक्त उपशाच्या आदल्या दिवशी पिऊन आलेल्याला दोराला हात लावू देत नाहीत. तीन वर्षं तो काठावर बसून दुसऱ्यांचे कपडे सांभाळत होता. चौथ्या वर्षी दोराला लागला. आपण आलो नाही तर जागा रिकामी राहते, आणि ती रिकामी जागा चार जणांच्या डोळ्यांवर येते. एवढंच मिळतं बघ. ज्याला हे मिळालेलं नाही त्याला ते थोडं वाटतं.

आपल्या वेळी मंडळ रामरावांच्या हातात होतं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या वडिलांनी ते उभं केलं होतं. रामरावांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्यांचे नियम आजही कोणी मोडत नाही. आधी पेटता कंदील खाली सोडायचा. तो विझला तर लिंबाचे डहाळे दोराला बांधून वरखाली ओढायचे, खालची कोंडलेली हवा हलवायची, आणि कंदील परत सोडायचा. तोवर माणूस उतरणार नाही, मग दुपार का होईना. तातेरावला त्यांनी मंडळात घेतलं तेव्हा बौद्धवाड्यातला तो पहिलाच. तो मारुतीच्या आडात उतरला तर आम्ही ते पाणी पिणार नाही, असं काही लोक सांगायला आले. रामरावांनी तंबाखू मळता मळता म्हटलं, "मंग नाल्याचं प्या. गाळ तं आम्ही काढून राह्यलो, तुमी न्हाई." तातेराव उतरला, आणि आठ दिवसांनी तेच लोक घागरी घेऊन आले. आज तो अंबडला शिक्षक आहे, पण उपशाला सुट्टी काढून येतो.

आणि शेवटाच्या माणसाचा नियम. तो तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे, तरी लिहितो. दोर धरणाऱ्यांत जो सगळ्यांत मागे, त्याने दोराचा वेढा कमरेला घ्यायचा, टाचा दगडात रोवायच्या आणि आडाकडे पाठ करून उभं राहायचं. पाहायचं नाही, फक्त काठावरच्या माणसाच्या हाकेवर चालायचं. कारण वर ओढताना पुढचे हात बदलतात, तेव्हा क्षणभर सगळा भार त्याच्या कमरेवर येतो. दोर झाडाला का बांधत नाही, असं कोणी विचारलं की रामराव म्हणायचे, झाडाला ऐकू येत नाही. माझ्या पायानंतर मात्र त्यांनी स्वतःच नियम बदलला. आता माणूसही असतो आणि झाडही.

मीनाला इथवर वाचून दाखव. पुढचं तुझं आहे.

अठ्ठावीस वर्षं झाली. मी एकवीसचा होतो, तू अठराचा. मारुतीचा आड. मी गाळाची शेवटची टोपली भरून वर येत होतो. काठ दोन पुरुष उंचीवर राहिला असेल, रामरावांची हाक ऐकू आली, "हात बदला," आणि आकाशाचा गोल एकाएकी लहान झाला. एवढंच मला आठवतं. मांडीचं हाड मोडलं. जीपमध्ये घालून जालन्याला नेलं, दीड महिना तिथे होतो, आणि पाय दोन बोटं आखूड झाला. देवाला मी त्याबद्दल कधी विचारलं नाही. आडाच्या तळाला दगड होते, त्या जागी तेवढा गाळ मीच शिल्लक ठेवला होता, म्हणून वाचलो. याहून जास्त त्याने काय करायचं?

आपल्या आप्पांनी मात्र विचारलं. दवाखान्यातून परत येऊन ते थेट रामरावांच्या ओट्यावर गेले, कोणाच्या हातून सुटला म्हणून. रामराव म्हणाले, अकरा जणांच्या. आप्पा एकेकाच्या घरी गेले. ज्याला विचारलं तो म्हणाला, माझ्या हातून. अकराच्या अकरा जण तेच, त्यात तूही. तातेरावच्या दारात गेले तेव्हा त्याच्या आईने त्याचा दंड धरला होता, कारण गाव त्याचंच नाव घ्यायला टपलेलं होतं, हे त्या माउलीला कळत होतं. तरी तोही म्हणाला, माझ्या हातून. आणि पुढे वर्षभर गावाने ते त्याच्याच माथी मारलं. त्याला पाहून बायका घागर पदराआड घ्यायच्या. त्याने एकदाही तोंड उघडलं नाही.

मला कोणी काही सांगितलं नाही. पण तू दवाखान्यात माझ्या उशाशी बसून मोसंबी सोलत होतास. बाकीचे भेटायला येत, त्यांचे तळहात सोलून निघालेले, कोणाला हळद लावलेली, कोणाला फडकं बांधलेलं. तुझे हात स्वच्छ होते. वरच्या फडताळातला पेला काढायला तू हात उंचावलास, सदरा वर गेला, आणि कमरेला दोराचा साधा वळही नव्हता. त्या दिवशी शेवटाला तू होतास. शेवटाच्या माणसाचं तोंड रस्त्याकडे असतं. बारावीचा निकाल घेऊन भोकरदनची एसटी यायची ती वेळ होती. एसटीच्या दारातून तुझ्या मित्राने हात वर केला असेल, आणि तू कमरेचा वेढा सोडला असशील. तू पास झाला होतास, पहिल्या वर्गात. मी तुला पेढे आणायला सांगितलं, तर तू रडत बाहेर गेलास. महिन्याच्या आत तू गाव सोडलंस, बियाण्याच्या गोदामात पोती उचलायला लागलास, आणि दोराच्या जवळ परत कधी आला नाहीस.

माफीसाठी मी हे लिहीत नाही. माझ्याकडून ती तेव्हाच, मोसंबी खाताना झाली होती. अठरा वर्षांच्या पोराने निकाल पाहायला पाऊल उचललं, यात मला पाप दिसत नाही, चूक दिसते. दोर सोडलास त्याचा राग मला एक दिवसही आला नाही. राग आहे तो कालचा. ज्या दहा जणांनी स्वतःच्या सोललेल्या हातांनी तुझं नाव झाकलं, आपापल्या बायकांनाही कधी सांगितलं नाही, त्यांना तू माझ्या कानात टोळकं म्हणालास. त्यांच्यातले चार जण आता देवाघरी आहेत. तेही तुझं नाव बरोबर घेऊन गेले. तुला अठ्ठावीस वर्षं गावात मान वर करून येता आलं असतं, सोमेश्वर. रस्ता कोणी अडवला नव्हता. पोरांना मंडळातून काय मिळतं, हे तू मला विचारतोस? सगळ्यांत जास्त तुलाच मिळालंय.

आता रविवारचं. राधेश्याम पहिल्यांदा आडात उतरणार आहे. चाळीस फूट, हेल्मेट घालून, कंदील पाहून, दोर झाडालाही बांधून. वजन सहा किलो कमी केलंय त्याने त्यासाठी. जो पोरगा पहिल्यांदा उतरतो, त्याच्या बापाने शेवटाला उभं राहायचं, हा नियम तू विसरला नसशील. त्याने मला दोनदा विचारलं, बाबा येतील ना? माझ्या पायाचंही त्याने विचारलं. सगळ्या जुन्या माणसांना विचारून आला आणि मला सांगायला लागला, "काका, अकरा जणांच्या हातून सुटला म्हनतेत." मी म्हटलं, बरोबर आहे. त्याला याहून काही सांगायचं की नाही ते तू ठरव, मी नाही ठरवणार. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने हसनाबादला उतर, पप्पू मोटारसायकल घेऊन येईल. तू आला नाहीस तरी पोरगा उतरेल, हे ध्यानात ठेव. तातेरावला मी फोन केला होता, की बाप आला नाही तर तू शेवटाला उभा राहशील का? तो म्हणाला, "राहतो की. पण सोमेश्वर येईल. आला तर मी त्याच्या लगेच पुढे उभा राहीन. त्या दिवशीही तिथंच होतो."

तुझाच दादा,
कारभारी