खरी अक्का

जळगाव,
२ एप्रिल १९९०

ती. अक्का यांना प्रमिलाचा नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. धुळ्याला सगळे बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. इथेही ठीक. ऊन आतापासूनच भाजतं आहे. उडदाचे पापड झाले, बिबडे व्हायचे आहेत. ह्यांचं जेवणखाण, झोप व्यवस्थित.

शाळेतून निवृत्त झाल्यावर वेळ कसा जातो, असं तुम्ही विचारलंत. सकाळी थोडा वेळ डोळे मिटून गप्प बसते. विचार आला तर येऊ द्यायचा, गेला तर जाऊ द्यायचा. मग हातातलं काम नीट करायचं. शेजारच्या मंदाबाई म्हणतात, "बाई, तुम्ही तं दगड शेतस!" मी म्हटलं, "दगडाला डाळ शिजवावी लागत नाही."

आता मुद्द्याचं. आखाजीला भावाकडे माहेरपणाला येऊ का, असं तुम्ही लिहिलंत. या. पण भाऊ पूर्वीचा राहिलेला नाही, हे समजून या. विसरणं वाढतच जाणार, असं डॉक्टर म्हणाले. दिवाळीपासून ते मला अक्का म्हणतात.

घरात अहिराणी बोलायची नाही, हा नियम माझाच होता. आता ते दुसरं काही बोलतच नाहीत.

"अक्का, माय कथी गई?"

"वावरमा गई. येईच आते."

"तू नको जाऊ."

"नही जाऊ."

सुरुवातीला मी दुरुस्ती करायची. 'मी प्रमिला' म्हटलं की ते घाबरून दाराकडे बघत आणि तुम्हाला हाका मारत. मग सोडून दिलं. अक्का अशी हाक आली की ओ देते. मुकाट्याने जेवतात, अंघोळ करून घेतात. त्यांचं समाधान होतं. माझंही होतं, असं मी महिन्यापूर्वी लिहिलं असतं.

तुमचं कार्ड आल्यापासून डोळे मिटले की एकच विचार येतो, आणि तो जात नाही. खरी अक्का आल्यावर या घरात मी कोण?

तरीही या. तुमचा चेहरा त्यांना ओळखता येतो आहे तोवर या.

एवढं मात्र करा. माझ्याकडे बघून त्यांनी "हाई कोन शे?" असं विचारलं, तर लगेच सांगून टाकू नका. जरा थांबा. ते स्वतः काय म्हणतात, ते मला ऐकायचं आहे.

तुमच्या भावाची बायको,
प्रमिला