बाई, तुमच्या व्हरांड्यातल्या म्हशी

बाई, यंदाच्या पावसाळ्यात मी तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात पाच म्हशी बांधल्या. तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसले.

सातवीत तुम्ही मला पाऊस मोजायचं काम दिलं होतं. कापून उलटं तोंड बसवलेली बाटली शाळेच्या गच्चीवर असायची, आणि रोज सकाळी तिच्यातलं पाणी मोजून फळ्यावरच्या तक्त्यात आकडा लिहायचा. एका सोमवारी मी गच्चीवर न जाताच बावीस मिलिमीटर लिहून मोकळी झाले. तुम्ही टेबलाच्या खणातून तीच बाटली काढलीत. तिला तडा गेला म्हणून शनिवारीच खाली आणली होतीत. वर्ग हसून लोळला. तुम्ही आकडा पुसलात आणि म्हणालात, "मोजलं नसेल तर रकाना मोकळा सोड. त्याची लाज वाटायचं कारण नाही." मी आठवडाभर मान वर केली नाही. नवी बाटली तुम्ही पुन्हा माझ्याच हातात दिलीत.

आता पन्नाशीत मी परत पाऊस मोजते. आमच्या गल्लीच्या तालीम मंडळात हवामान बदलावर व्याख्यान होतं, गल्लीतल्या बायकांनी मला ओढून नेलं. हवा तापली की जास्त बाष्प धरते आणि मग एकदम ओतते, हे ऐकताना वाटलं, यातलं निम्मं तर बाईंनीच शिकवलंय. घरी येऊन बाटली कापली. पण आमच्या गल्लीत शिरणारं नदीचं पाणी पडतं वर घाटात, गगनबावड्याकडं. तिथं माझी मामेबहीण असते. तिच्या अंगणातही बाटली बसवली. ती सकाळी फोन करते, मी कोपऱ्यावरच्या फळ्यावर आकडा लिहिते. गल्ली मला पाऊसबाई म्हणते, आणि मला ते भारी आवडतं.

जुलैत तीन दिवस तिचे आकडे चढत गेले. चौथ्या दिवशी फोनच लागेना, आणि इकडं लख्ख ऊन. नदीच्या अंगाला दूधवाल्या मामांचा गोठा आहे. म्हशी आजच हलवा, असं सांगायला गेले तर मामा हसले. आजचा आकडा किती, म्हणाले. बाई, तीनशे अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यानं ते लगेच हलले असते.

"आजचा न्हाय मामा. फोन लागंना. कालपतुरचं फळ्यावर हाय."

मामा फळ्यापाशी आले. मोकळ्या रकान्यावर त्यांनी बोट टेकवलं.

"खोटंच सांगायचं असतं तर आकडा ठोकून दिला असतास की," ते म्हणाले. "चल, सोड दावी."

मग काय, अख्खी गल्ली म्हशींमागं. चढावरची तुमची शाळा उघडून घेतलीय, बायका वैरणीचे भारे आणतायत, एक म्हैस भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा कोकणाकडून चाटायला लागलीय, आणि मी शहाण्यासारखं तिला ओरडतेय. दुसऱ्या दिवशी गोठ्यात कमरेएवढं पाणी होतं. आम्ही व्हरांड्यात त्याच म्हशींच्या दुधाचा चहा पीत होतो. इतकी मी कित्येक वर्षांत हसले नव्हते.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पाकिटावर पत्ता काय घालणार? तो मोकळाच राहू दे. फक्त एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. ते बावीस मी आळसानं लिहिलं नव्हतं. आकडा मोठा आला की तुमचा चेहरा खुलायचा, आणि त्या सोमवारी मला तो बघायचा होता.