तळ दिसणारं पाणी

आण्णा, आज गिरणी चालू केली नाही. ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या, पाटोद्याच्या आजूबाजूची गावं निम्मी रिकामी झाली, आता दळण येऊन येऊन येणार तरी किती? टोळ्या निघायच्या आधी मात्र बाजरीची पोती घेऊन ही रांग लागते, आणि प्रत्येकाला वाटतं की गिरणीवाल्या मावशीनं आपलं पीठ मारलं. मला वाटतं की हेच लोक ओली बाजरी आणून माझं जातं खराब करतात. मूठभर दाणे दाताखाली चावून बघितल्याशिवाय मी पोतं उचलू देत नाही. तुमचे जावई म्हणतात, "तुझा देवावर तरी इश्वास हाय का गं?" मी म्हणते, देव दळण घेऊन आला की बघू. लई संशयी झालेय मी, आण्णा. आणि हा गुण मला तुमच्याकडनं मिळाला. तुमच्यात होता म्हणून नव्हे, तुमच्यामुळं लागला म्हणून. आज तेच लिहायचंय.

तुमची नात पुण्याला नोकरीला आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती पोटातसुद्धा नव्हती. दिवाळीला आली आणि फराळाचं ताट बाजूला सारून माझ्यापुढं मोबाईल धरून बसली. "मम्मी, टोळ्या गेल्यावर तुला काम नसतं. आपण दोघी समुद्रात खाली जाऊ. पाठीला हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्याला काचेचा चष्मा. शेजारी एक शिकवणारा असतो हात धरून. पाण्याखाली माशांच्यात फिरायचं. त्याला स्कुबा म्हणतात. जागा तू निवडायची." मला तिथंच वास आला. या घरात भिंतीला रंग कोणता द्यायचा हेसुद्धा मला कुणी कधी विचारलं नाही, आणि आता म्हणे अख्ख्या समुद्रातली जागा मी निवडायची! काहून? काहीतरी गळ्यात मारायचं असलं की माणूस आधी मान देतं. तुमचे जावई तिकडनं बोललेच, "मासेच बघायचेत तर आठवडी बाजारात जा की. तिथं बिनटाकीचं दिसतात."

मी चष्मा लावून फोटो बघायला घेतले. अंदमान, लक्षद्वीप, मालदीव. सगळीकडं पाणी असं की खालची वाळू दिसावी, वाळूवरची शिंपली दिसावी, पोहणाऱ्याची सावली तळाला पडलेली दिसावी. मी चटकन म्हणाले, "हे नको. इथलं पाणी संपत आलंय." पोरीच्या नाकातनं चहा बाहेर आला, इतकी हसली. पण आण्णा, तुम्ही असतात तर हसला असतात का? भरली विहीर काळी-हिरवी असते. तळ दिसायला लागला की चैत्र सरला, दोन हात पाणी राहिलं, आता टँकरच्या गोष्टी सुरू होणार. तुम्ही प्रत्येक पोराला पाण्यात टाकायच्या आधी एकच सांगायचात, "तळ दिसतोय त्या पाण्यात उडी मारायची न्हाई, मान मोडंल." तळ दिसला की आम्ही हंडे मोजायला लागतो, आणि हे लोक त्याचेच फोटो छापून गिऱ्हाईक बोलावतात!

तिनं अंदमानच्या एका माणसाला व्हिडिओवर फोन लावून दिला. माणूस हिंदीत गोड गोड बोलत होता. गोड बोलणाऱ्याचा मला आधीच राग. मी विचारलं, तळ दिखता क्या? म्हणाला, हां आंटी, एकदम साफ. पानी कितना है? म्हणाला, तीस-चाळीस फूट. मी म्हटलं, भाऊ, एक कायतरी बोल. चाळीस फूट पाणी हाय तर तळ दिसायचा न्हाई, आणि तळ दिसतोय तर चाळीस फूट पाणी न्हाई. तो हसायला लागला, मग पोरीनं फोन ओढून घेतला. समुद्रात गाळ वाहून येत नाही तिथं असंच असतं, उजेड खोलवर जातो, असं तिनं मला भाकरी भाजता भाजता समजावलं. मी हो म्हणाले. पटलं नाही.

त्यांचे नियम तर त्याहून वरचढ. खाली असताना श्वास रोखायचा नाही म्हणे, सारखा घेत-सोडत राहायचा. आण्णा, श्वास रोखणं एवढी एकच तर विद्या तुम्ही दिलीत! अंगठा वर केला तर त्याचा अर्थ झकास नव्हे, 'वर चला.' आणि खाली जाऊन आल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत विमानात बसायचं नाही. मी म्हटलं, बघ, आणखी एक रात्र त्यांच्याच हॉटेलात काढायला लावायची युक्ती. ती म्हणाली, मम्मी, रक्तात बुडबुडे होतात. मी म्हटलं, मी काय सोड्याची बाटली हाय का? शेवटी मी मालवण निवडलं. तिथले फोटो हिरवट, जरा गढूळ, मासे धुक्यातनं यावेत तसे दिसणारे. पाण्यासारखं पाणी. शिवाय विमान नाही. "सगळ्यांत कमी दिसतं ती जागा निवडलीस तू," पोरगी म्हणाली. मी म्हटलं, "दिसत न्हाई म्हणजे खोल हाय."

आता खरं सांगते. मला जायचं होतं. एवढे प्रश्न विचारत होते, नावं ठेवत होते, ते सगळं त्यासाठीच. फार हवीशी वाटणारी गोष्ट समोर आली की मी तिच्यात आधी खोट शोधते. रात्री अंथरुणावर पडून मी श्वास घेत-सोडत राहायचा सराव करत होते, आणि तुमचे जावई शेजारी घोरत होते म्हणून कुणाला कळलं नाही असं मला वाटलं. मला तळाला जायचं होतं, आण्णा. पुन्हा एकदा.

कारण मी गेलेली आहे. तुम्ही माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधताय, कमरेला दोर, आणि मी काठावर तुमच्या धोतराला चिकटून बोंबलतेय. तुम्ही ढकलून देता. नाकातोंडात पाणी, वर हिरवं आभाळ, मग दोराला हिसका आणि तुमचा आवाज, "हात मार, हात! रडतीस काय?" पुढच्या उन्हाळ्यात डबा सुटला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दोर. मग पोरांची ती पैज. तळाला जाऊन आल्याची खूण म्हणून मुठीत गाळ आणायचा. मोठी मोठी पोरं निम्म्यातनं परत यायची, कान दुखतात म्हणायची. मी गेले. खाली काळोख, पाणी बर्फासारखं, कानात ठणका, आणि हाताला तो मऊ गाळ लागला. वर आले तर तुम्ही माझी मूठ धरून शेजारच्या मळ्यातल्या माणसांना दाखवत होता. "माझ्या पोरीनं आणलाय." त्या दिवशी घरी येताना तुम्ही मला खांद्यावर घेतलं, एवढी मोठी असून. आई ओरडली, वजनानं मोडाल. तुम्ही म्हणालात, "माझी हाय, मला जड न्हाई."

तर मालवणचं सगळं ठरलं. वयामुळं डॉक्टरचा दाखला लागतो म्हणून बीडला जाऊन हृदयाची पट्टी काढली, रक्त दिलं, आणि कागद पोरीला पुण्याला पाठवले. चार दिवसांनी तिचा फोन. "मम्मी, मालवणचं राहू दे. तिथलं पाणी यंदा फार खराब झालंय, खाली काहीच दिसत नाही. त्यांनी बंदच ठेवलंय." मी म्हटलं, मग अंदमान? "तिकडं पण लाटा आहेत म्हणे. पुढच्या वर्षी बघू." आवाज गोड होता. तिचा आवाज एरवी कधी गोड नसतो. मी फोन ठेवला आणि तिथंच गिरणीच्या ओट्यावर बसले, कारण हे मी आधी ऐकलं होतं.

तुम्ही जेवताय. चुलीपुढं आई, मी पाण्याचा तांब्या घेऊन. माझं लुगडं नाही, पण ओढणी सुरू होऊन थोडे दिवस झालेत. सकाळपासनं मी म्हणतेय, आण्णा, आज विहिरीवर येते. आई तुमच्याकडं बघते, तुम्ही भाकरीकडं. आणि ताटातनं मान वर न करता म्हणता, "विहिरीचं पाणी तळाला गेलंय. यंदा उतरायचं न्हाई." मी आईला विचारलं तर ती चुलीत फुंकर मारत बसली. दोन-तीन दिवसांनी आई आजारी पडली आणि तुमची भाकरी घेऊन मळ्यात मला जावं लागलं. विहीर काळी-हिरवी, आण्णा. वरच्या पायऱ्यांपर्यंत भरलेली. तुम्ही काठावर, हातात दोर, दोराला चुलत्याचं पोरगं. मला बघून तुम्ही दोर तिथंच खुंटीला गुंडाळला आणि मला आडवे आलात. "इकडं नको येऊ, कड ढासळलीय." मी भाकरीचं फडकं तुमच्या हातात दिलं आणि माघारी फिरले. त्यानंतर मी पाण्यात उतरले नाही. पुढच्या वर्षी विचारलंही नाही. त्या दिवसापासनं कुणी काही सांगितलं की मी आधी त्याच्या तोंडाकडं बघते.

म्हणून मी मालवणला स्वतः फोन लावला. तिकडनं गडी म्हणाला, "पानी एकदम मस्त आसा ताई, येवा तुमी." मग पोरीला लावला. "कोण मेलंय का गं? काय दिसलं त्या पट्टीत?" ती रडायलाच लागली. पुण्याचे डॉक्टर कागद बघून म्हणाले होते, ठोके मध्येच चुकतात, गोळ्या चालू करा, दगावण्यासारखं काही नाही, पण पाण्याखाली जायचं नाही. या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. "तुला किती जायचं होतं ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "तू रात्री श्वास मोजतेस, पप्पांनी सांगितलं. मग तुझ्या हृदयावर कसं ढकलू? पाण्यावर ढकललं."

आण्णा, मी तिला असं बोलले, असं बोलले की शेजारची मिरची-कांडपवाली बघायला आली. मी म्हणाले, "खरं सांगितलं असतंस तर मी भांडले असते. तुझ्याशी भांडले असते, डॉक्टरशी भांडले असते. हरले असते, पण भांडले तर असते! पाण्याशी मी काय भांडू?" ती हुंदके देत ऐकत होती. आणि बोलता बोलता मला कळलं की यातलं निम्मं तिला नाहीच. तुम्ही मला म्हणाला असतात, "पोरी, आता तू मोठी झालीस, लोक बोलायला लागलेत आणि मला ते ऐकवत न्हाई," तर मी तुमच्याशी भांडले असते. जेवले नसते. पायऱ्यांवर जाऊन बसले असते. तुम्हाला तेच नको होतं ना? माझ्यापुढं हरायची भीती वाटली का तुम्हाला? का लोकांचं नाव घ्यायची लाज वाटली?

मग आम्ही भांडलो. दोन दिवस, फोनवर, यथासांग. तिनं पुन्हा डॉक्टरांना विचारलं. खाली नाही, पण वर तरंगायला हरकत नाही, तोंडात आखूड नळी धरून, पोटाखाली फळी घेऊन, शेजारी माणूस ठेवून. वर राहून तळ दिसायचा तर पाणी स्वच्छ हवं, मालवण बाद. म्हणून ज्या पाण्याला मी संपत आलेलं म्हणाले होते तेच आता निवडलंय. लक्षद्वीप. तिथं जायच्या सरकारी परवानगीला अर्ज केलाय, अजून आली नाही. येईल असं म्हणतात. म्हणतात, बघू. तळाला ती जाणार, मी वरनं बघणार. मला तेवढं पुरणार नाही, हे तिला सांगून ठेवलंय.

काल ती आली होती, पोहायचा पोशाख घेऊन. अंगाला लावून बघत होते तर तिनं सहज विचारलं, "मम्मी, तुला इतकं चांगलं यायचं, मग तू पोहणं सोडलंस कशामुळं?" भांडून झाल्यावर आम्ही एकमेकींना शब्द दिला होता, की खोटं बोलायचं नाही. मी आरशात बघत होते. भिंतीवरच्या फोटोतनं तुम्ही बघत होता. तिचं तुमच्यावर लई प्रेम आहे, न बघितलेल्या माणसावर असतं तसं. माझ्याकडनं ऐकून ऐकून जडलेलं. मी म्हणाले, "दुष्काळ पडला गं. आमच्या विहिरीचं पाणीच आटलं." म्हणून तुम्हाला लिहिलेले हे कागद तिच्या हाती लागू द्यायचे नाहीत. माझा राग गेलेला नाही, आण्णा. पण तिच्यापुढं तुमची मान खाली जावी, हे मला सहन झालं नाही.