कार्पेटखालची हवा

चिकलठाणा,
बुधवार, दुपार

प्रिय पुंजाराम,

रामराम. पूर्वी तू मला जयभीम घालायचास आणि मी तुला रामराम, अन् नवं गिऱ्हाईक आपल्यात कोण कोणता हे ठरवत बसायचं. सोळा वर्षांचे रामराम थकलेत, म्हणून हा आधी. पाकिटावरचं अक्षर बघून तू ते आशावहिनींच्या हातात देशील, म्हणशील, बघ गं कुणाचं हाय. वहिनी, तुम्हीच वाचत असाल तर जरा मोठ्यानं वाचा. तो ऐकत नसल्यासारखा रंधा मारत राहील, पण ऐकेल. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर मला माझाच आवाज आवडायला लागतो आणि मुद्दा तसाच राहतो, हे तुझंच म्हणणं होतं.

आमचं बरं चाललंय. खरंच बरं, लोकांना सांगायचं म्हणून नाही. दुकानाचं पत्र्याचं शेड जाऊन स्लॅब पडला, मागं चार खोल्या झाल्या. रत्नमालाचा गुडघा कुरकुरतो, पण ती स्वतः नाय. करुणा जालन्याला बँकेत आहे, रोज जाऊन येऊन करते. तिनं जुनी गाडी घेतली, तर मी लगेच फूटपट्टी घेऊन डिकीत शिरलो. ती म्हणाली, बाबा, माझ्या गाडीत तुमचा स्पीकरचा डबा नको, मला मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येऊ द्या. अख्ख्या शहराच्या गाड्या हलवल्या मी, आणि घरच्याच गाडीत मला मनाई! लई हसलो. तू करून गेलेलं सागवानी टेबल अजून मधोमध उभं आहे. स्लॅब टाकताना मजुरांनी ते दोनदा आपटलं, तरी पाय हलला नाही. त्यावर काम करताना तुझी आठवण यायची. चांगलीच यायची असं नाही, रागानंही यायची.

माझे कान मात्र तसेच आहेत. गाडी अजून वळणावर असते तेव्हाच मी सांगतो, डावा मागचा दरवाजा थरथरतोय. पोरं मला कानवाले काका म्हणतात. ह्या कानांचा मला लई माज होता. होता म्हणतो, कारण गेल्या आठवड्यात तो उतरला.

गंगापूरचे ऊसवाले आण्णा तुला आठवत असतील. नाही आठवत असं होणारच नाही. त्यांच्या जीपसाठी आपण बारा इंची वूफरचा बंद डबा केला होता. तू अठरा एमएमच्या बोर्डाचे तुकडे कापलेस, सांध्यांत फेविकॉल आणि भुशाची लापशी भरलीस, स्क्रू मारलेस, आतून बोट फिरवून सिलिकॉनची रेघ ओढलीस. मग म्हणालास, आता चोवीस तास ह्याला हात लावायचा नाय. मी लावलाही नाही. ते संपल्यावर वायरचं भोक, वायर, वरचं राखाडी कार्पेट एवढंच माझं काम. दुसऱ्या दिवशी आण्णा समोर खुर्ची टाकून बसले, मी गाणं लावलं, आणि ठोक्याच्या मागून ती आली. सूं. बारीक, फुटक्या शिट्टीसारखी. आण्णांना ऐकूही गेली नसती. मीच गाणं बंद केलं, डिकीत डोकं घातलं आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तुझा सांधा.

तू एवढंच म्हणालास, कडुबा, उदबत्ती फिरवून बघू. धूर जिथं वाकंल तिथं हवा. ही आपली पहिल्या दिवसापासूनची रीत, तूच आणलेली. आणि मी आण्णांसमोर, चहा घेऊन आलेल्या माणसासमोर म्हणालो, माझ्या कानापेक्षा तुझी काडी मोठी का रे? वर म्हणालो, हात उतावळे झालेत तुझे, खिडक्या-दरवाजे कर जा, त्यातून हवा गेली तरी चालती. सुताराला हे बोललो मी. तू पटाश्या फडक्यात गुंडाळल्यास, करवत खांद्याला लावलीस आणि स्टेशनची रिक्षा पकडलीस. मला वाटलं सोमवारी येशील. मी त्या कोपऱ्यावर बाहेरून सिलिकॉन दाबलं, सूं थांबली, आणि माझं खरं ठरलं. तू लासूरला खरंच खिडक्या-दरवाजे करायला लागलास हे कळलं तेव्हा मी म्हणालो, बघा, ऐकलं माझं. हसलोही. पुढं दोन वर्षं माझ्याकडं दुसरा सुतार टिकला नाही, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

तर गेल्या गुरुवारी आण्णांचा शिवराज नवी गाडी घेऊन आला. डिकीत तोच डबा. म्हणाला, काका, वूफर नवा टाका पण डबा हाच ठेवा, आण्णा म्हणतात असला डबा आता कोण बनवत नाय. फक्त ठोका जरा ढिला वाटतो, पहिल्यापासूनच. कार्पेट उंदरांनी कुरतडलं होतं, म्हणून मी ते सगळं ओरबाडून काढलं. पुंजाराम, सोळा वर्षं खड्ड्यांतून हिंडलेल्या तुझ्या सांध्यात ब्लेडचं टोक शिरलं नाही. डाव्या कोपऱ्यातही नाही. मग मागची फळी पाहिली. तिथं माझं भोक. वायर बोटभरही जाड नाही आणि भोकात अंगठा जाईल, कारण त्या दिवशी बारीक ड्रिल सापडलं नव्हतं. भोवती सिलिकॉनचा एक ठिपका, नावापुरता. आणि मला माझंच वाक्य आठवलं. राहू दे, वर कार्पेट येणारच आहे.

जुनाच वूफर जोडला, गाणं लावलं, रत्नमालाकडून उदबत्ती मागवली. ती म्हणाली, दुकानात आज काय विशेष? तुझ्या चारही सांध्यांवरून धूर असा सरळ चालला, जसा आमच्या घरात बुद्धाच्या मूर्तीपुढं चालतो. भोकापाशी आणली तर ठोक्यागणिक धुराचे तुकडे उडाले. त्या दिवशीही हवा निघत होती माझ्या भोकातून, कार्पेट नीट चिकटलं नव्हतं म्हणून त्याच्या खालून सरकत होती आणि तोंड काढत होती तुझ्या कोपऱ्यावर; सिलिकॉननं मी नुसतं ते तोंड बंद केलं होतं. कान खोटं बोलला नाही. सूं कोपऱ्यातच होती. पण ती आली कुठून, हे कानाला कळत नाही. ते काडीला कळतं, आणि काडी तुझ्या हातात होती.

मी तिथंच शिवराजला सगळं सांगितलं. मग आण्णांना फोन लावला, कारण बोललो होतो त्यांच्यासमोर. म्हणालो, त्या दिवशी चूक माझी होती, पुंजारामची नव्हती. आण्णा सगळं ऐकून म्हणाले, कडुबा, मला कशाला सांगतोस, मी काय दुकान सोडून गेलो होतो का?

म्हणून हे पत्र. शिवराजचं सगळं काम झालंय, नवा वूफर, नवं कार्पेट कापून तयार आहे. ते भोक मात्र मी बुजवलेलं नाही. माझ्या हातानं ते बुजवलं तर पुन्हा मीच खरा ठरेन. रविवारी सकाळी शिवराज डबा घेऊन लासूरला तुझ्या दारात येईल. लापशी तुझी, सिलिकॉन आणि उदबत्तीचा पुडा डब्यासोबतच ठेवलाय. मी बरोबर असेन, पण उतरणार नाही, गाडीतच काच खाली करून बसेन. भोक बुजव, सुकायला तुझे चोवीस तास लागले तरी मी थांबेन, मग गाणं लाव, काडी फिरव. धूर सरळ चालला की वाटलं तर मला हाक मार. नाही मारलीस तर डबा घेऊन मुकाट परत जाईन, तुझा राग वाजवीच आहे. पण मोठ्यानं मारायची गरज नाही. रंधा ठेवता ठेवता नुसतं पुटपुटलास तरी चालेल. मला ऐकू येतं.

तुझाच,
कडुबा