बाटलीतली खरखर

५ मे, सोम.
नव्या कढईतलं पहिलं अमृत कोकम बाटल्यांत भरलं. वाफेवरची कढई, ढवळायला मोटर. शालनला म्हटलं, आता तुझ्या बरण्या माळ्यावर टाक गो. रतांबे फोडून सालीच्या वाट्यांत साखर भरा, बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधा, आठ दिवस उन्हात ठेवा, रोज हलवा... लग्न झाल्यापासून एकतीस वर्षं केलंस, पुरे. तिने बरण्या पुसून माळ्यावर चढवल्या. मी खूष.
साखरेचा अंदाज तिच्या बरणीसारखाच, कानाने. खरखर थांबली की विरघळली. आज भराभर थांबत होती. आणखी घातली. थांबली. आणखी. रस आरशासारखा.

७ मे, बुध.
कुडाळचा बाजार. दुकानदाराने चार गिऱ्हाइकांदेखत बाटली उलटी केली. तळाशी खडे. हसत म्हणाला, "वयनीन दर्यावयली रेव भरल्यान काय?"
लेबलावर नाव शालनचं, फोटो तिचाच. हातातल्या बाटल्या लोकांनी परत फळीवर ठेवल्या. सगळा माल गाडीत घालून आणला. प्रत्येक वळणावर मागून खरखर. सोमवारी तर विरघळली होती. मग आली कुठून?

८ मे
शा.ने बाटली उजेडात धरली. "तुमी माजा नाव कित्याक घातलात?" एवढंच. बाटली माझ्या हातात देऊन आत गेली.
मोटरचा वेग वाढवून थोडं नव्याने केलं. साखर दळून घातली, तीही चटकन नाहीशी.

९ मे
सकाळी पुन्हा खडे. डोकं चालत नाही.

१० मे, शनि.
डिसोजा सरांकडे. शाळेत विज्ञान शिकवायचे. मी सातवीत शाळा सोडली, अजून गैरहजेरी काढतात. म्हणाले, ढवळलंस, दळलंस, त्याने साखर लवकर विरघळते, जास्त नाही. जास्त मावते ती उष्णतेने. रस निवला की जास्तीची बाहेर पडते.
म्हटलं, सर, मग ऊनही गरमच. तिच्या बरणीत रेव का होत नाही? तर म्हणे आठ दिवसांत आंबटपणा साखर थोडी फोडतो, ती सहज खडा धरत नाही. शिवाय तुझी बायको हावरट नाही.
पहिलं अर्धं समजलं. शेवटचं पूर्ण.

१२ मे
बाटल्या गरम पाण्यात ठेवून वर कोकमाचा नुसता रस वाढवला. खडे गेले. शा.ला वाटी दिली. घोट जिभेवर घेतला, वाटी खाली ठेवली. "बरा आसा. माजा न्हय."
बरं आहे, तर मग तिचं का नाही? विचारायची हिंमत झाली नाही.

१३ मे
माळ्यावरची एक बरणी खाली आली. शा.ने एकटीने वाट्या भरल्या, दादरा बांधला, अंगणात ठेवली. कोणासाठी, सांगितलं नाही. मी हलवायला गेलो तर हात बाजूला केला. "आता नाय. सकाळी."
एकतीस वर्षं आवाज ऐकत आलो. ती कधी हलवते ते पाहिलंच नाही. ऊन लागायच्या आधी. गार असताना. आणि मी कान लावला उकळत्या कढईला.

१६ मे
बरणी हलवली की साखर अजून वाजते. दुकानदाराचा फोन, वहिनींचं असेल तरच पाठवा. शा.ला तसंच सांगितलं. ऐकलं असावं. भाजी चिरत राहिली.

२० मे, मंगळ.
आठवा दिवस. दुपारी राहवलं नाही, बरणी हलवली. आवाज नाही. पुन्हा हलवली. नाहीच. पण तसा तो कढईतही नव्हता.
शा. दारात उभी. म्हटलं, लेबलं छापायला द्यायची आहेत. नाव घालू की नको?
"सावळेत ठेवा. थंड होवंदे. मगे मी आयकतंय."
बरणी पडवीत ठेवली आहे. दोघंही आसपासच घुटमळतो आहोत, हात कोणी लावत नाही. आत्ता चाचपली.
अजून कोमट.