चोविसावा फोटो

५ जानेवारी २००९, सोमवार
कनेरगाव नाका

लागली बाई एकदाची नोकरी! इथं येऊन पंधरा दिवस झाले नाहीत तर संध्याताई फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरसमोर. प्रज्ञेशची बदली इकडच्या तांड्यावरच्या शाळेत झाली तेव्हा हिंगोली सोडायची म्हणून मी तोंड फुगवून बसले होते. नाक्यावर आहे काय, तर ढाबे, पंक्चरवाले आणि वाशिमच्या गाड्या. आज मात्र मीच नवऱ्याला गरम जिलेबी आणून खाऊ घातली. ज्योती पहिलीत आहे, तिची शाळा सुटली की दुकानातल्या बाकावर बसवली तरी मालकांची काही हरकत नाही.

मालक म्हणजे व्यंकटराव. साठी उलटलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पडद्यावरचं आता काही दिसत नाही, पण गिऱ्हाइकानं पायरीवर चप्पल काढली की आवाजावरून नाव सांगतात. त्यांच्या कॉम्प्युटरची आता अखेर जवळ आली आहे, सुरू करताना दळणाच्या गिरणीसारखा घरघरतो. सहा वर्षांची लग्नं, बारशी, पगाराचे फॉर्म, सगळे फोटो त्याच्याच पोटात. म्हणून त्यांनी नांदेडहून एक्स्टर्नल हार्ड डिस्क मागवली. वहीएवढी, काळी. सगळे फोटो तिच्यात हलवायचे, हे माझं पहिलं काम.

७ जानेवारी, बुधवार

आज एक नवलच कळलं. कॉम्प्युटरवर दोन फोल्डर वेगळे आहेत. एकाचं नाव ‘तयार’, दुसऱ्याचं ‘गेलेले’. निराधार योजनेच्या पगाराच्या फॉर्मसाठी म्हातारी माणसं फोटो काढायला आली, की व्यंकटराव त्याच फोटोचा हाराचा फोटोही करवून ठेवतात. मागं निळा पडदा, पुरुषाला कोट, गळ्यात चंदनाचा हार, खाली जन्म आणि मृत्यू, तारखा कोऱ्या. माणूस गेला की घरचे रडत येतात ते मतदान कार्डावरचा नखाएवढा चेहरा घेऊन, आणि नेमकी तेव्हाच लाइट नसते. आधी करून ठेवलं की बराबर वेळेवर फोटो हातात. माणूस आहे तोवर ‘तयार’मध्ये, गेला की ‘गेलेले’मध्ये. खरं सांगायचं तर मला ही पद्धत आवडली. कोणाची तकलीफ नाही.

‘तयार’मध्ये सध्या बावीस जण. नऊ नंबरला खुद्द व्यंकटराव, कोट-टाय घालून! मी हसले तर म्हणाले, हसू नको पोरी, मी गेल्यावर माझा फोटो कोन करनार हाय? बारा नंबरला ढाबेवाले किशनराव. पन्नाशीचेसुद्धा नाहीत, धडधाकट. लग्नात कोट घालायचा राहून गेला म्हणून गंमत म्हणून करून घेतला म्हणे.

व्यंकटरावांनी एकच गोष्ट दोनदा बजावली. हलवताना हे दोन फोल्डर एकात मिसळू नको, जित्या माणसाला गेलेल्यांत बसवू नये. मी म्हटलं, काका, हे फोटो आहेत, माणसं नाहीत. आम्ही बाबासाहेबांना मानणारी माणसं, असल्या गोष्टींना भीक घालत नाही. ते काही हसले नाहीत.

९ जानेवारी, शुक्रवार

तांड्यावरची भिकाबाई आली होती, मुलगा मोहनसिंग बरोबर. पंचाहत्तरीची असेल, पण कापूस वेचायला अजून सगळ्यांच्या पुढं. फोटो झाल्यावर म्हणाली, माझा हाराचा फोटो मला दाव. मी करून दाखवला. माझा पहिलाच. तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि तक्रार केली, केसांतल्या चांदीच्या घुगऱ्या एकाच बाजूच्या दिसून राहिल्या, दोन्ही दिसू दे, लोकं काय म्हनतील. मोहनसिंग लाजून बाहेर जाऊन उभा राहिला. मी दुसरी बाजू काढून दिली. खूश होऊन तिनं ज्योतीचा मुका घेतला आणि पदरातली बोरं बाकावर ओतली. तेवीस नंबर.

ज्योतीचा गॅदरिंगचा फोटो मी दुकानाच्या कॅमेऱ्यानं काढला. कोळीण झाली होती माझी चिमणी, डोक्यावर टोपली, समोरचे दोन दात पडलेले. घरचे फोटो दुकानाच्या कॉम्प्युटरवर ठेवलेले व्यंकटरावांना चालत नाहीत, दर फोल्डरात काय आहे ते मला मोठ्यानं वाचायला लावतात. ‘तयार’ मात्र कधी विचारत नाहीत. म्हणून गुपचूप तिथं टाकला. नंबर चोवीस पडला. रंगीत प्रिंट काढली की उडवून टाकीन.

१२ जानेवारी, सोमवार

आज पंधरा हजारांवर फोटो हलवले. कॉम्प्युटर भरलाय, जागा मोकळी व्हावी म्हणून मी सरळ कट-पेस्ट करते. शेवटचे दोन फोल्डर राहिले होते. ‘गेलेले’ हलवून झालं आणि लाइट गेली. यूपीएस कोकलायला लागला, फार तर पाच मिनिटं होती. हार्ड डिस्कवर ‘गेलेले’ उघडं होतं. ‘तयार’मधले सगळे फोटो कट केले आणि त्यातच पेस्ट केले. उद्या वेगळे करीन, त्यात काय एवढं. झालं एकदाचं काम. व्यंकटरावांना हे सांगितलं नाही, उगीच बडबड करतील.

१३ जानेवारी, मंगळवार

पहिल्या नंबरची आजी गेली. पहाटेच. दहा वाजता नातेवाईक आले, फोटो दिला. दुपारी दोन नंबरचे आजोबा. थंडी फार पडली आहे, म्हातारी माणसं थंडीत जातातच.

जिवंत आहेत त्यांच्यासाठी हार्ड डिस्कवर नवा ‘तयार’ फोल्डर केला आणि सगळे तिकडं हलवले. संध्याकाळी उघडून बघते तर ‘तयार’ रिकामा. सगळे परत ‘गेलेले’त. माझंच काही चुकलं असेल.

१५ जानेवारी, गुरुवार

तीन, चार, पाच. नंबरानं.

ज्योतीचा फोटो उडवायला गेले. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की उडवायचा का. हो म्हटलं. उडाला. परत उघडलं तर तिथंच. टोपलीच्या खाली, गळ्यात चंदनाचा हार. मागं निळा पडदा. खाली तिची जन्मतारीख. मी घातला नाही तो हार. मी काही टाइप केलेलं नाही. आई गं, मी हे काय करून बसले.

व्यंकटरावांना फोल्डर मिसळल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, कितवा नंबर झाला? पाचवा म्हटलं. त्यांनी बोटांवर सहा, सात, आठ, नऊ मोजले आणि चहा टाकायला सांगितला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, तेवीसवरच संपतं ना? त्याच्यापुढं कोनी न्हाई ना? मी ज्योतीचं नाव घेतलं. आंधळ्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं त्यांच्या. मला रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

१७ जानेवारी, शनिवार

व्यंकटराव गेले. बसल्या जागी, खुर्चीत. काल आठ नंबर गेला तेव्हाच त्यांनी दाढी करून घेतली होती. त्यांच्या बायकोनं फोटो मागितला, मी काढून दिला. तिनं माझ्याच हातात दुकानाच्या किल्ल्या ठेवल्या. म्हणाली, त्यांचा तुझ्यावर फार जीव होता.

प्रज्ञेश म्हणतो थंडी आहे, योगायोग आहे, तू शिकली-सवरलेली बाई असं काहून बोलून राहिलीस. मी त्याला हिंगोलीला नेऊन सोड म्हटलं. मग मला किशनराव आठवले. बारा नंबर.

१९ जानेवारी, सोमवार

परवाच किशनरावांच्या पायरीवर जाऊन मी सांगितलं. आधी हसले. मग दहा गेला, अकरा गेला, तेव्हा गाडी करून नागपूरला मोठ्या दवाखान्यात भरती झाले. सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या. आज तिथंच गेले. म्हणजे कुठं पळून उपयोग नाही.

प्रज्ञेशचं तोंड उतरलं. त्यानं दुकानातली हार्ड डिस्क परसात नेली आणि दगडानं ठेचली. पार चुरा केला.

२० जानेवारी

एका दिवसात चार. तेरा, चौदा, पंधरा, सोळा.

जुना कॉम्प्युटर लावला. ‘गेलेले’ उघडलं. सगळे त्यातच. चोवीसच्या चोवीस.

आता प्रज्ञेश कशालाच हात लावत नाही. ज्योतीला मांडीवर घेऊन बसून असतो. ती विचारते, बाबा शाळेत काहून जात नाहीत.

२१ जानेवारी

वीसपर्यंत आलं. मी दिवसभर तांड्यावर असते. भिकाबाईच्या दाराशी. दूध नेते, घोंगडी नेली, वाशिमहून डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाला, म्हातारी तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे. मी तिचे पाय चेपते. तिला वाटतं मला माया लागली. म्हणाली, तू मागल्या जन्माची माझी लेक. मला लाज वाटली. मी तिच्यासाठी येत नाही. ती श्वास घेते तोवर माझं लेकरू आहे, म्हणून येते.

येताना तिनं फडकंभर बोरं बांधून दिली. ज्योतीला आवडतात म्हणून वेचून ठेवली होती.

२२ जानेवारी

एकवीस.

भिकाबाईला सगळं सांगून टाकलं. राहवलं नाही. तिनं मला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाली, मी मरत न्हाई जा, तुझ्या पोरीसाठी मरत न्हाई. वर हसली. असं कोणाच्या हातात असतं का —

मी तिच्या पायावर डोकं ठेवलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

सकाळी बावीस नंबरच्या घरचे बोलवायला आले. फोटो द्यायलाच हवा, नाही कसं म्हणू. ज्योतीला बरोबर घेऊन दुकानात आले. नजरेआड करत नाही तिला. प्रज्ञेशला भिकाबाईपाशी पाठवलंय.

फोटो दिला. ते गेले.

बारा वाजले. ऊन चांगलं पडलंय. ज्योती बाकावर बसून पाय हलवून राहिली. कॉम्प्युटर बंद केलाय. वायर काढली. तरी घरघर —

पायरीवर कोणी चप्पल काढल्याचा आवाज आला नाही. मोहनसिंग. अनवाणी आलाय. डोक्याला रुमाल नाही. म्हणतो, ताई, आई आत्ता भाकर थापून राहिली होती. मास्तर समोरच बसले होते. ताई, आईचा फोटो तयार असंल ना, दोन्ही घुगऱ्यांचा —

ज्योती —

तिच्या हातात फडकं. बोरं. मी घरी ठेवली होती, ही कधी आणली — ठसका लागलाय तिला. बोराची आठोळी अडकली — मोहनसिंग, पाणी — ज्यो, तोंड उघड, माझ्याकडं बघ, ज्यो