पट्टा बांधला त्या दिवशी

सांगली,
१२ डिसेंबर १९९६

आदरणीय दादास,
मायाचा सप्रेम जय भीम. आईला सांग, पोरगी बरी आहे, मीही बरी आहे. हळदीच्या पेठेकडून वारं आलं की दोघी शिंकतो, एवढंच.

नामकरणाला रहिमतपूरला कधी येता, म्हणून तू दोन पत्रं पाठवलीस आणि यांचं, तुझ्या पाहुण्यांचं, उत्तर नाही म्हणून फुगून बसलास. फुगू नकोस रे. यांना सुट्टी नाही. थंडीही लय आहे.

खरं सांगू? यांच्या हातात पेन ठरत नाही.

फौंड्रीत दिवसभर ओतीव लोखंड हातातल्या ग्राइंडरनं घासायचं. सकाळी बोटं खडूसारखी पांढरी पडतात. परवा स्टोव्हवरचं पातेलं उघड्या हातानं उतरवलं आणि धरूनच उभे! मी किंचाळले तेव्हा खाली ठेवलं. बोटांना टरारून फोड, आणि हे मलाच विचारतात, "कुठं भाजलं गं?"

मागल्या महिन्यात कॉलेजचे एक सर फौंड्रीत आले होते. मनगटाला पट्टा, त्यात शेंगदाण्याएवढं यंत्र, तिथून वायर कमरेच्या डबीत. ग्राइंडरचा हादरा हातात किती जातो, ते ती डबी मोजते. हादरा जास्त निघाला तर माणसं आळीपाळीनं दुसऱ्या कामाला लावीन, असं मालकानं कबूल केलेलं. सरांनी सगळं समजावलं होतं म्हणे. पण ते पाठमोरे झाले आणि मुकादम भाऊसो म्हणाला, "आरं, ह्ये यंत्र हात पकडतंय. ज्याचा हात बिघाडलाय, त्याचं नाव मालकाकडं जानार."

झालं! सगळ्यांची पाचावर धारण बसली. त्या दिवशी कुणीच ग्राइंडर दाबून धरला नाही. यांच्या वाट्याचे मोठे नग यांचा दोस्त बिराप्पानं स्वतःचा पट्टा सोडल्यावर उरकले, आणि यांनी बारक्या नगांवर नुसतं गोंजारल्यासारखं केलं. डबीत हादरा कमीच निघाला. मालक म्हणाला, मग काम कशाला बदलायचं? स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला बघ या शहाण्यांनी.

सरांना संशय आलाय. सोमवारी ते शेवटचं मोजायला येणार आहेत. मी यांना म्हटलं, या खेपेला रोजच्यासारखं काम करा, सरांना हात दाखवा. तर माझ्यावरच खेकसले, "खुळी हायस का? घरी बसवतील. पोरीला काय घालू?" बिराप्पाही म्हणतो, "वैनी, गप ऱ्हावा."

डॉक्टर म्हणाले, गेलेली जाणीव परत येईल असं वाटत नाही. हादरा थांबला तर आहे तेवढी राहील. दादा, आहे तेवढी तरी राहू दे रे.

म्हणून सोमवारी मी पोरीला कडेवर घेऊन फाटकावर जाणार आणि सरांना सगळं सांगणार. यांचं काम गेलं तर माझ्यामुळे जाईल. हे माझ्याशी बोलायचे नाहीत, ठाऊक आहे मला. तू अडवायला येशील म्हणून पत्र मुद्दाम उशिरा पेटीत टाकणार आहे.

काल न्हाऊ घातल्यावर पोरीला यांच्या मांडीवर दिलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले, फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "हिचं केस मऊ हाईत का गं?"

मी हो म्हटलं आणि मोरीत जाऊन रडले.

कुणाचंच न ऐकणारी तुझी,
माया